अन्नवस्त्र, पोटगी आणि नांदणे

‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) आणि ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या दोन पुस्तकांनी मराठी वाङ्मयात केवढी खळबळ माजवली हे आपण सगळेच वाचत आणि वर्गात शिकवत आलो आहोत. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाचे रहस्य आणि त्यावरून उठलेला गदारोळ हाही आता वाङ्मयेतिहासाचा भाग झाला आहे. एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. या टोपणनावामागच्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांचा १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदुव्यवहार धर्मशास्त्र’ या ग्रंथाच्या लेखनात सहभाग होता. म्हणजे कथालेखिका म्हणून गाजण्याच्या आदल्याच वर्षी ही लेखिका हिंदू कायद्यातील विवाह, दत्तक, वारसा, स्त्रीधन आणि अन्नवस्त्र या विषयांत बुडालेली होती. मला ही नोंद चरित्रातल्या तपशिलापेक्षा मोठी वाटते. ‘हिंदोळ्यावर’मधील अचला ही नवऱ्याने टाकलेली स्त्री आहे आणि ती विवाहाच्या चौकटीबाहेर विरागबरोबर राहू पाहते. टीकाकारांनी या निर्णयाची चर्चा नीती, प्रेम आणि बंडखोरी या शब्दांत केली. परंतु अचलेपुढे त्या काळी कायद्याने कोणते रस्ते उघडे होते, हा प्रश्न टीकेने फारसा विचारला नाही. तो विचारला असता तर उत्तर अगदी थोडक्यात मिळाले असते. मुंबई इलाख्यातील हिंदू स्त्रीला १९३४ साली सर्वसाधारण कायद्याने घटस्फोट उपलब्ध नव्हता, नवऱ्याला दुसरे लग्न करण्यास आडकाठी नव्हती, आणि मॅजिस्ट्रेटकडून तिला जास्तीत जास्त शंभर रुपये महिना पोटगी मिळू शकली असती. ती दुसऱ्या पुरुषाबरोबर राहू लागली की तीही बंद.

या शंभर रुपयांचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो केवळ कायद्याच्या पुस्तकांत नाही, आपल्या भाषेतही आहे.

आधी शब्दांकडे पाहू. संस्कृतात ‘भर्ता’ आणि ‘भार्या’ हे दोन्ही शब्द एकाच ‘भृ’ धातूपासून आले आहेत. भरण करतो तो भर्ता आणि जिचे भरण करायचे ती भार्या. नवरा-बायकोचे नाते सांगणाऱ्या शब्दाच्या पोटातच निर्वाहाचे कर्तव्य दडलेले आहे. धर्मशास्त्रकारांनी हे कर्तव्य गंभीरपणे घेतले होते, याबद्दल शंका नको. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात तर असा नियम आहे की आज्ञाधारक, कामात दक्ष, पुत्रवती आणि गोड बोलणाऱ्या पत्नीचा जो त्याग करील त्याला आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्सा तिला देण्यास राजाने भाग पाडावे. आणि तो निर्धन असेल तर निदान तिचे भरणपोषण करावयास लावावे. संपत्तीचा तिसरा हिस्सा! आजच्या कौटुंबिक न्यायालयातही असा आकडा ऐकून वकील जरा सरसावून बसतील. परंतु वाङ्मयाच्या विद्यार्थ्याची नजर आधी जाते ती विशेषणांवर. पुरुषाने त्याग केला एवढे पुरेसे नाही. जिचा त्याग झाला ती आज्ञा पाळणारी, कामसू, मुलगा झालेली आणि गोड बोलणारी असली पाहिजे. अपराध पुरुषाचा, परीक्षा मात्र स्त्रीची. ही रचना लक्षात ठेवावी, कारण विसाव्या शतकातल्या फौजदारी कायद्यातही ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे. फक्त तिथे विशेषणे नकारार्थी झाली आहेत.

मराठीत या कर्तव्याला दोन शब्द आले. एक ‘अन्नवस्त्र’ आणि दुसरा ‘पोटगी’. अन्नवस्त्र हा शब्द प्रामुख्याने एकत्र कुटुंबाच्या व्यवहारातला. घरातल्या विधवेला वाटा नाही, पण अन्नवस्त्र आहे. शब्द ज्या दोन वस्तूंचा उच्चार करतो त्यांच्यापलीकडे तो सहसा जात नाही: ताटात अन्न आणि अंगावर वस्त्र. तिसरी वस्तू, म्हणजे डोक्यावरचे छप्पर, गृहीत धरलेली, कारण विधवेने त्याच घरात राहायचे आणि राबायचे. ‘पोटगी’ हा शब्द त्याहून उघडा. त्यात वस्त्रही नाही, नुसते पोट आहे. ज्या भाषेने ‘वतन’, ‘इनाम’, ‘तनखा’, ‘वर्षासन’ असे प्रतिष्ठेचे शब्द उत्पन्नाच्या साधनांना दिले, तिने टाकलेल्या बायकोच्या हक्काला मात्र हा शब्द दिला. अलीकडे ‘निर्वाह भत्ता’ असा शासकीय शब्द रूढ करण्याचा प्रयत्न झाला, पण तालुक्याच्या कोर्टाबाहेर वडाखाली बसलेली बाई अजूनही ‘पोटगीची केस’ असेच म्हणते.

इंग्रजी अंमल आल्यावर अन्नवस्त्राचा प्रश्न न्यायालयात कोणत्या पोथीच्या आधारे सोडवायचा, हे ठरवावे लागले. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ आणि गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकणात नीलकंठ भट्टाचा ‘व्यवहारमयूख’ प्रमाण मानला गेला. (नीलकंठाचे घराणे मूळ पैठणचे, काशीत स्थायिक झालेले. काशीत बसून लिहिलेला ग्रंथ मुंबईच्या हायकोर्टात निर्णायक ठरला, हा प्रवासही एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील याने दख्खनच्या जातीजातींच्या रूढींचा संग्रह केला, तो १८२७ साली छापला गेला. त्या रूढींत काडीमोड होती, पाट होता, जातपंचायतीने ठरवलेली देणीघेणी होती. पुढे रेमंड वेस्ट आणि गेओर्ग ब्यूलर यांनी इलाख्यातील न्यायालयांशी संलग्न शास्त्र्यांनी दिलेल्या व्यवस्था गोळा करून हिंदू कायद्याचा ‘डायजेस्ट’ १८६७ पासून प्रसिद्ध केला. हे शास्त्री न्यायाधीशाने विचारलेल्या प्रश्नाला पोथीच्या आधारे उत्तर देत. १८६४ साली त्यांची पदेच रद्द झाली. त्यानंतर पोथीचा अर्थ लावण्याचे काम न्यायाधीशांनी स्वतःकडे घेतले. या बदलात एक गोष्ट घडली: जातींच्या लवचिक रूढी मागे पडत गेल्या आणि ब्राह्मणी पोथीतला नियम सर्वांचा नियम होऊ लागला.

याचे स्वच्छ उदाहरण म्हणजे १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा. सुधारणेच्या इतिहासात त्याचे स्थान मोठेच आहे. परंतु त्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरील वारसाहक्क आणि अन्नवस्त्राचा हक्क दोन्ही संपवले. ज्या जातींत पाट लावण्याची चाल पूर्वापार होती, त्यांना या कायद्याची गरजच नव्हती. तरीही मुंबई हायकोर्टाने हे दुसरे कलम त्यांनाही लागू केले. म्हणजे ज्या कायद्याने ब्राह्मण विधवेला कागदोपत्री मुभा दिली, त्याच कायद्याने पाट लावणाऱ्या विधवेचे हक्क सरसकट काढून घेतले. सुधारणेच्या इतिहासात ही बाजू आपण फार घाईने ओलांडतो.

विधवेच्या अन्नवस्त्राला आणखी एक अट चिकटलेली होती, ती म्हणजे तिच्या चारित्र्याची. मुंबई हायकोर्टाने १८७७ साली एका खटल्यात असा उदार अर्थ लावला की एकदा ठरलेले अन्नवस्त्र, निदान जीव जगेल एवढे, विधवेचे वर्तन पुढे बिघडले तरी पूर्ण काढून घेता येत नाही. पाच वर्षांनी त्याच न्यायालयाने विधवेच्या विरुद्ध दिशेला पाऊल टाकले, आणि १८८४ साली तर आधीचा उदार निर्णयच चुकीचा ठरवला. या वादातले इंग्रजी पद ‘उपासमारीपुरते अन्नवस्त्र’ असे काहीसे मराठीत येईल. उपाशी मरू नये एवढेच द्यावे की तेही देऊ नये, यावर विद्वान न्यायमूर्ती संस्कृत वचनांचा कीस काढत होते. त्याच सुमारास, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध झाली. ताराबाईंनी हे निकाल वाचले असतील असे म्हणण्याचे कारण नाही. पण सगळे नियम बायकांच्याच वर्तनाला का, हा त्यांचा प्रश्न आणि हायकोर्टासमोरचा प्रश्न मुळात वेगळा नव्हता.

विधवांसाठी काढलेल्या संस्थांकडेही या अंगाने पाहता येईल. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ साली मुंबईत निघाले. धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम १८९६ साली सुरू केला. पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) वाचताना हे जाणवते की आश्रमात येणाऱ्या बायका शिक्षणाकडे येत होत्या तितक्याच कुणाच्या तरी ताटाखालून सुटून येत होत्या. अन्नवस्त्र कायद्याने मिळत होते. पण ते घेण्यासाठी ज्या घरात राहायचे ते घर असह्य होते. कायद्याचे शब्द आणि आत्मचरित्राचे शब्द शेजारी ठेवले की ही फट दिसते.

आता विवाहित पण विभक्त स्त्रीकडे वळू. तिच्यासाठी मराठीत ‘नांदणे’ हा असा शब्द आहे की ज्याचा अचूक पर्याय इतर भाषांत सहजी सापडत नाही. मुलगी ‘नांदायला’ जाते, नवरा तिला ‘नांदवतो’ किंवा ‘नांदवत नाही’. पुरुष नांदत नाही. कायद्याच्या भाषेत याच शब्दाला ‘वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना’ असे भारदस्त नाव मिळाले. रखमाबाईंचा खटला या नावाने ओळखला जातो. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी नांदायला जाण्यास नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. न्या. पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो उलटला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पसंत असल्याचे कळवले. पुढे १८८८ साली तडजोड झाली आणि नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. ही रक्कम मला या साऱ्या इतिहासात फार बोलकी वाटते. वैवाहिक नात्यातून पैसे कोणत्या दिशेला वाहायचे हे पोटगीचा कायदा सांगतो. या सर्वांत गाजलेल्या खटल्यात ते बायकोकडून नवऱ्याकडे वाहिले. सुटका विकत घ्यावी लागली. रखमाबाई नंतर लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ काम केले, हे सर्वांना माहीत आहे. ज्यांच्याजवळ दोन हजार रुपये नव्हते त्यांचे काय झाले, याची नोंद कुठल्याही चरित्रकोशात मिळणार नाही.

नांदण्याच्या या हुकमाला तुरुंगाचा जो धाक होता तो १९२३ साली दिवाणी संहितेतून काढला गेला. योगायोग असा की त्याच वर्षी पोटगीची कमाल मर्यादा पन्नासवरून शंभर रुपये झाली.

ही मर्यादा कोठून आली? १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३१६ वे कलम घातले गेले: ऐपत असून जो आपल्या बायकोचे किंवा औरस-अनौरस मुलाचे पोषण करीत नाही त्याला मॅजिस्ट्रेटने दरमहा रक्कम देण्याचा हुकूम करावा. १८८२ च्या संहितेत हेच कलम ४८८ झाले आणि १८९८ च्या संहितेत त्याच क्रमांकाने राहिले. जवळजवळ नव्वद वर्षे ‘चारशे अठ्ठ्याऐंशी’ हा वकिलांच्या बोलण्यातला सामान्य शब्द होता. हा कायदा फौजदारी संहितेत का घातला, याचे उत्तर सरकारच्या काळजीत आहे. टाकलेली बायको आणि बेवारस मूल रस्त्यावर आले की भीक वाढते, गुन्हे वाढतात. तेव्हा जबाबदार पुरुषाला पकडावे. फिट्झजेम्स स्टीफनसारख्या कायदेपंडिताने या तरतुदीकडे भटकेपणा रोखण्याचे साधन म्हणूनच पाहिले. म्हणजे मुळात हा स्त्रीचा हक्क म्हणून आलाच नाही. सार्वजनिक शांततेचा उपाय म्हणून आला. तरीही त्याचा एक मोठा गुण होता. तो कोणत्याही पोथीला बांधलेला नव्हता. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, कोणाचीही बायको चार ओळींचा अर्ज घेऊन मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकत होती. दिवाणी दाव्यात घराण्याची इस्टेट, वाटण्या, शास्त्र सगळे निघे. इथे फक्त नवऱ्याची ऐपत आणि त्याचा नकार पुरेसा.

पण या कलमातच एक पळवाट होती, आणि ती नांदण्याकडेच जाते. नवऱ्याने ‘माझ्याकडे राहायला ये, मी पोसतो’ असे सांगितले की चेंडू बायकोच्या अंगणात. ती येत नसेल तर का येत नाही, हे तिने सिद्ध करायचे. शिवाय ती व्यभिचारात राहत असेल, किंवा पुरेशा कारणावाचून नवऱ्याबरोबर राहण्यास नकार देत असेल, तर पोटगी नाही. याज्ञवल्क्याची आज्ञाधारक आणि गोड बोलणारी भार्या इथे नकारार्थी रूपात परत आली. नवऱ्याने दुसरे लग्न केले असले तरी पहिलीने त्याच घरात सवतीसह नांदावे अशी अपेक्षा अनेकदा धरली जाई. १९४९ च्या दुरुस्तीने, आणि हिंदू स्त्रियांपुरते त्याआधी १९४६ च्या स्वतंत्र निवास व पोटगीच्या कायद्याने, नवऱ्याचे दुसरे लग्न हे वेगळे राहण्याचे न्याय्य कारण मानले गेले.

मधल्या काळात अन्नवस्त्राच्या कल्पनेलाच धक्का देणारी एक घटना घडली. मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला. विधवेला नवऱ्याच्या वाट्यात, मर्यादित स्वरूपात का होईना, हिस्सा मिळाला. ‘अन्नवस्त्र’ जाऊन ‘वाटा’ आला, ही भाषेच्या दृष्टीनेही क्रांती होती. पण १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितले की शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्याने हा कायदा तिला लागू नाही. ज्या देशात इस्टेट म्हणजे बहुतांशी शेतजमीन, तिथे या निर्णयाने काय उरले हे वेगळे सांगायला नको. घटस्फोटाच्या बाबतीत बडोदे संस्थानाने १९३१ सालीच कायदा केला होता. देशमुखांनी १९३८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले विधेयक मात्र पुढे सरकले नाही. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंमध्ये द्विभार्याप्रतिबंध आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला. द्विभार्याप्रतिबंधाला आव्हान दिले गेले तेव्हा न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी १९५१ मध्ये तो वैध ठरवला. डॉ. आंबेडकरांचे हिंदू कोड बिल त्याच वर्षी रखडले आणि त्यांनी सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये ते तुकड्यातुकड्यांनी संमत झाले. विवाह कायद्यातील पोटगीची कलमे पती आणि पत्नी दोघांनाही खुली आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

आणि इथे सुधारणेचीच एक विपरीत फलश्रुती पाहावी लागते. द्विभार्या बंद होण्यापूर्वी दुसरी बायको ही कायदेशीर बायको होती. सवत असेल, पण तिला अन्नवस्त्राचा हक्क होता. बंदीनंतर दुसरे लग्न शून्यवत ठरले. पुरुष दुसरे लग्न करीतच राहिले. मात्र ते शिक्षेतूनही सुटू लागले. महाराष्ट्रातून गेलेल्या भाऊराव लोखंडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली सांगितले की दुसरा विवाह ‘गांधर्व’ पद्धतीने लागला, त्यात आवश्यक विधी झाले नाहीत, म्हणून तो विवाहच नव्हे; आणि विवाह नाही तर द्विभार्येचा गुन्हा नाही. याउलट यमुनाबाई आढाव खटल्यात, तोही महाराष्ट्रातलाच, लग्न रीतसर विधींनी १९७४ साली लागले होते. परंतु नवऱ्याची पहिली बायको हयात होती. २७ जानेवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की १२५ व्या कलमातील ‘पत्नी’ म्हणजे कायदेशीर पत्नीच. यमुनाबाईंना पोटगी नाही. दोन निकाल एकापुढे एक ठेवून वाचावेत. विधी अपुरे म्हणून पुरुष तुरुंगातून सुटला. विधी पुरे असूनही स्त्री उपाशी राहिली. प्रत्येक निकाल आपापल्या जागी तर्कशुद्ध आहे. दोन्ही मिळून मात्र पुरुषाला दुसरे लग्न जवळजवळ फुकट पडते.

यमुनाबाईंचा निकाल लागला त्याच १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाच्या पुढाकाराने परित्यक्तांची परिषद भरली. अ‍ॅड. निशा शिवूरकर यांनी या चळवळीचा वृत्तांत ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ या पुस्तकात लिहिला आहे. पुस्तकाच्या नावात ‘परित्यक्ता’ हा संस्कृत शब्द नाही, ‘टाकलेली’ हा बोलीतला शब्द आहे, याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. टाकणे हे क्रियापद आपण जुन्या वस्तूंना लावतो. ज्या बाईला गावाने हा शब्द लावला तिने तोच फलकावर लिहून रस्त्यावर यावे, ही मराठीच्या सामाजिक इतिहासातली एक महत्त्वाची घटना मानायला हवी. या चळवळीने पोटगीबरोबर स्वतंत्र शिधापत्रिकेची मागणी केली. कारण साधे: रेशनकार्डावर नाव नवऱ्याच्या घरी. माहेरी परतलेली बाई कागदावर कुठेच जेवत नव्हती.

१२५ वे कलम हे जुन्या ४८८ चेच १९७३ च्या संहितेतील रूप. त्यात दोन मोठे बदल झाले. निर्वाहाचा हक्क आईवडिलांनाही मिळाला (पुढे १९८७ मध्ये, कल्याणच्या एका खटल्यात, विवाहित मुलीवरही वडिलांची जबाबदारी येते असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले), आणि घटस्फोटित स्त्रीचा ‘पत्नी’ या व्याख्येत समावेश झाला. या दुसऱ्या बदलाने पुढचे राजकारण पेटले. इंदूरच्या शाहबानो यांचे लग्न १९३२ चे. नवरा नामांकित वकील, वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आसपास. १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढले गेले. त्यांनी १९७८ मध्ये महिना पाचशे रुपयांचा अर्ज केला. नवऱ्याने त्याच वर्षी तलाक दिला. मॅजिस्ट्रेटने मंजूर केले दरमहा पंचवीस रुपये. मध्य प्रदेश हायकोर्टाने ते १७९ रुपये २० पैसे केले. नवरा या १७९ रुपयांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ चा सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचा निकाल, त्यावरचे वादळ आणि १९८६ चा मुस्लिम महिला कायदा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या साऱ्या लिखाणात ते वीस पैसे हरवले. सत्तरी गाठत आलेल्या एका स्त्रीच्या पोटाचा हिशेब एका न्यायालयाने पैशापर्यंत केला होता, आणि त्यावर देशाचे राजकारण बदलले.

महाराष्ट्रात या प्रश्नाला जुनी पार्श्वभूमी होती. हमीद दलवाई यांनी १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांसह मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला होता. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाई १९७७ मध्ये गेले, पण शाहबानो निकालानंतर १९८५ साली मंडळाने तलाकमुक्ती मोर्चा काढला. सय्यदभाईंचे ‘दगडावरची पेरणी’ हे आत्मकथन या कामाची किंमत सांगते. १९८६ च्या कायद्याचा अर्थ डॅनियल लतीफी खटल्यात २००१ मध्ये न्यायालयाने असा लावला की इद्दतच्या मुदतीत नवऱ्याने पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद करून द्यावी. लतीफी हे शाहबानोंचे वकील होते. जुलै २०२४ मध्ये तेलंगणाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला १२५ वे कलमही खुले असल्याचे स्पष्ट केले.

पुन्हा रकमेकडे येतो, कारण सगळी तत्त्वे शेवटी तिथेच येऊन आदळतात. पन्नास रुपयांची मर्यादा १९२३ मध्ये शंभर, १९५५ मध्ये पाचशे. नंतर ती गोठली. १९५५ मध्ये पाचशे रुपये ही चांगली रक्कम होती. १९९० च्या दशकात त्यात शहरातल्या खोलीचे भाडेही निघत नव्हते. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ती दीड हजार केली, आणि २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने मर्यादाच काढून टाकली. या शेहेचाळीस वर्षांत किती बायकांनी पाचशेच्या आत आयुष्य बसवले असेल, याचा विचार कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत नसतो. त्या दुरुस्तीने खटला चालू असताना अंतरिम पोटगी, शक्यतो साठ दिवसांत, देण्याचीही सोय केली.

दुसऱ्या बायकोचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला. महाराष्ट्रातीलच एका खटल्यात २०१३ साली न्या. रंजना देसाई आणि न्या. सिक्री यांच्या पीठाने म्हटले की पहिले लग्न लपवून ज्याने दुसरीला फसवले त्याला ‘ती माझी बायकोच नव्हे’ असे म्हणून पोटगी टाळता येणार नाही. म्हणजे तिला माहीत नव्हते, हे आता तिने सांगायचे. माहीत असून, गरिबीपायी किंवा मूल हवे असलेल्या घराने मागणी घातली म्हणून, जी दुसरेपणावर गेली ती यात बसत नाही. खेड्यापाड्यांत हाच प्रकार जास्त, हे वकिलाला आणि कथाकाराला दोघांनाही माहीत असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीला काही आधार दिला, पण तिथेही ‘सदृश’ म्हणजे काय यावर खल आहेच.

नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व न्यायालयांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या: दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्यात हे कलम १४४ या क्रमांकाने आले आहे. आकडा बदलला, व्यभिचार, पुरेशा कारणावाचून नकार, राहायला ये म्हणणारा नवरा, हे सगळे जवळपास त्याच शब्दांत आहे. हुकूम मोडला तर दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद आहे. मात्र थकबाकीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. तो करायचा तिनेच. पत्ता शोधायचा, वॉरंटाचा पाठपुरावा करायचा, पोलीस ठाण्यात खेपा घालायच्या, आणि एवढ्यात नवऱ्याने नोकरी किंवा गाव बदलले की पुन्हा पहिल्यापासून.